टेस्नी म्हणजे उन्हाची ऊब

जर्मनीतल्या येनात थंडीच्या दिवसांत ऊन मोजून मिळतं. गाव खोऱ्यात वसलेलं, भोवती चुनखडीच्या टेकड्या, आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य इतका खालून जातो की काही गल्ल्यांना तो दिसतही नाही. मी पीएचडीसाठी इथे आले तेव्हा ज्या घरात खोली घेतली होती, तिथल्या स्वयंपाकघरात तो अकराच्या सुमारास यायचा आणि पाऊण तासात समोरच्या छपरामागे जायचा. तेवढ्या वेळात घरमालकीणबाई आपली खुर्ची त्याच्यामागे सरकवत न्यायच्या, ओट्यापासून दारापर्यंत. त्या खुर्चीच्या पायांनी लाकडी जमिनीवर ओरखडे पडले होते. काचेवरचे ओरखडे शोधणं हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच गेलं.

बाई सत्तरीच्या होत्या. मूळच्या वेल्सच्या, लग्न जर्मन माणसाशी, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. विद्यापीठात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शनिवार-रविवारी ऊन आलं की त्या माझ्या खोलीच्या दारावर टकटक करून सांगायच्या, "ये लवकर, माझं नाव आलंय." पहिल्यांदा मला वाटलं, त्यांचं काही टपाल आलं असेल. मग त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं, हात उन्हात धरायला लावले आणि सांगितलं की त्यांचं नाव टेस्नी. वेल्श भाषेत 'तेस' म्हणजे उन्हाची ऊब. सूर्य नाही, प्रकाशही नाही, नुसती अंगाला लागते ती ऊब.

मी म्हटलं, आम्ही याला कोवळं ऊन म्हणतो. त्यांनी 'कोवळं' म्हणायचा चार-पाच वेळा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांच्या गावातसुद्धा हे नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं म्हणे. त्यांच्या आजीने ठेवलेलं. शाळेत प्रत्येक नवीन मास्तरीण नाव दोनदा विचारायची, आणि अर्थ कळला की हसायची. आयुष्यभर लोक आपल्याकडे बघून एकदा तरी हसलेत, यापेक्षा नावाने आणखी काय करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मी आपल्याकडची नावं आठवत बसले. प्रभा, ज्योती, दीप्ती, उज्ज्वला, किरण, उषा. सगळी उजेडाची. उबेचं मला एकही आठवेना. ज्या उन्हात आपण पापड वाळवतो, गाद्या टाकतो, न्हाऊन केस सोडून बसतो, त्याच्यावरून आपण पोरीचं नाव ठेवत नाही. आपल्याला दिसणाऱ्या गोष्टीचं कौतुक जास्त, असं तेव्हा मनात आलं. मला ते नाव फार आवडलं, आणि आवडलेली वस्तू दुकानात बाजूला काढून ठेवायला सांगावी तसं मी ते ठेवून दिलं.

आता गंमत अशी की मी त्या घरात साडेतीन वर्षं राहिले, पण त्यांना नावाने हाक एकदाही मारली नाही. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं की अहोजाहो पुरे, मला टेस्नी म्हण. पण आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. मी 'ऐकलंत का', 'जरा इकडे या' असली वाक्यं जर्मनमध्ये बनवून वेळ मारून न्यायचे. त्यांच्या ते लक्षात आलं होतं. मी लग्न करून दुसऱ्या घरात गेले त्या दिवशी त्या म्हणाल्या की इतकं छान नाव तुला वापरायला दिलं, तू ते कपाटातच ठेवलंस.

पुढे मी इथल्याच एका कारखान्यात लागले. भिंगांची तपासणी करते. चांगली दिसणारी काच आडव्या प्रकाशात धरायची आणि तिच्यात काय बिघडलंय ते सांगायचं, हे माझं काम. नवऱ्याचं म्हणणं, तू माणसंही तशीच धरतेस. असेल. तो पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, आणि माझ्यापेक्षा बराच शांत.

आम्हाला मूल व्हायला वेळ लागला. राहिलं तेव्हा मी आईच्याही आधी त्या बाईंना सांगितलं, कारण त्या आजारी होत्या आणि शनिवारी मी त्यांच्याकडे जायचेच. त्यांनी पलंगावरून माझा हात धरून ठेवला. त्याच महिन्यात त्या गेल्या. आणि फेब्रुवारीत, पाचवा महिना चालू असताना, आमची मुलगी पोटातच गेली.

पुण्याला आम्ही फोनवर एवढंच सांगितलं की राहिलं नाही. आपल्याकडे यासाठी हे दोनच शब्द आहेत आणि ते ऐकल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. आईनेही विचारलं नाही. भावाने "काळजी घे" म्हटलं. पण इथल्या नर्सने, एका थोराड, कमी बोलणाऱ्या बाईने, तिला पांढऱ्या विणलेल्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, हिचं नाव काय. मला वाटलं नव्हतं की असं विचारतात. मी म्हटलं, टेस्नी. ते नाव मी मोठ्याने पहिल्यांदा उच्चारलं ते असं.

इथे अशा मुलांची नोंद करता येते, आई-बापांची इच्छा असेल तर. जन्म-मृत्यूची जी कचेरी, श्टांडेसआम्ट, तिथे जाऊन मी कागद करून घेतला. खिडकीतल्या बाईने विचारलं, हे नाव कुठलं. मी अर्थ सांगितला. तिने मान हलवली, स्वच्छ अक्षरांत टाइप केलं, सहीशिक्का केला आणि कागद जाड पाकिटात घालून दिला. आमच्याकडे बेडरूमच्या कपाटात, पासपोर्टांखाली, ते पाकीट आहे. ते नवऱ्याला आणि मला ठाऊक. तिसऱ्या कुणाला नाही.

नंतर पुन्हा काही राहिलं नाही. त्यावर मी इथे जास्त लिहिणार नाही. एकच सांगते. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर सगळ्यांनी एकमेकींचे नंबर मुलांच्या नावाने ठेवलेले असतात, अमक्याची आई, तमकीची आई. खरी नावं कित्येकींची कुणाला माहीत नसतात. एकदा एकीने माझ्यासमोर मला फोन लावला तर पडद्यावर आलं, 'येना भिंगवाली'. मी हसले. घरी येऊन मात्र नवऱ्यावर उगीच तडकले.

माझा धाकटा भाऊ त्सुफेनहाउझेनला राहतो, स्टुटगार्टच्या त्या मोटारींच्या भागात. तोही सॉफ्टवेअरवालाच. भावजयीला दिवस गेले तेव्हा मी खरंच खूश झाले. पाचव्या महिन्यात ती दोघं आमच्याकडे चार दिवस आली. तो पाचवा महिना म्हणून मी मनातून धास्तावलेली होते, आणि धास्तावले की मी जास्त बोलते. रविवारी नाश्त्याच्या वेळी नावांचा विषय निघाला. परदेशात नाव शोधणं म्हणजे एक प्रोजेक्टच असतो. 'ळ' नको, 'ज्ञ' नको, बालवाडीतल्या बाईला म्हणता आलं पाहिजे आणि पुण्यातल्या आजीलाही. भावजयीने एक यादीच केली होती आणि तिला त्यातलं एकही आवडत नव्हतं. बोलता बोलता मी त्या बाईंची गोष्ट सांगितली. खुर्चीची, उन्हाची, "माझं नाव आलंय"ची.

सांगून झालं आणि मी भावजयीचा चेहरा पाहिला. तिने यादी मिटून टाकली होती.

"ताई, हेच ठेवू या ना," ती म्हणाली. "मुलगी झाली तर. नाही तरी नाव ठेवायचा मान आत्याचाच."

नवरा माझ्याकडे बघत होता. मी "बघू" म्हटलं आणि पोह्यांवर घालायला खोबरं आणते म्हणून उठले. स्वयंपाकघरात जाऊन मला तिचा राग आला. तिने काहीही चुकीचं केलं नव्हतं, तरी आला. आपण कपाटाचं दार उघडं टाकावं आणि पाहुण्याने आतली साडी काढून "मला छान दिसेल" म्हणावं, तसं मला झालं. ती दोघं गेल्यावर नवरा हलकेच म्हणाला की दे की, तेवढंच ते नाव वापरात येईल. मी म्हटलं, ते वापरलेलं आहे.

त्यानंतर मी काय केलं? काही नाही. भावजय फोनवर इतर सगळं बोलायची, नावाबद्दल एक अक्षर काढायची नाही. मला वाटलं, विसरली. तपासणीच्या कामात वीस वर्षं घालवून मी एवढं मोठं काही आजवर नजरेतून सुटू दिलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी तिला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावर असताना भावाचा फोन आला. त्याच्या हातात हॉस्पिटलचा फॉर्म होता.

"हं, तर स्पेलिंग सांग पटकन. टी ई एस, पुढे?"

मी कोटांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. "ते नाव नको लिहूस."

"का? तूच सुचवलंस."

"मी गोष्ट सांगितली. सुचवलं नाही."

"बघू म्हणालीस ना."

"आपल्या घरात बघूचा अर्थ काय होतो, ते तुला अजून कळत नाही?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला की ती गेले चार महिने पोटाशी याच नावाने बोलतेय, तिला आता काय सांगू. मी म्हटलं, रकाना कोरा ठेव, नाव महिनाभरात कळवलं तरी चालतं, आपल्यात नाव बारशाला ठेवतात असं सांग. हे नियम तुला कसे माहीत, असं त्याने विचारलं. मी फोन ठेवला.

भावजय घरी आल्यावर, पाचव्या दिवशी, मी पासपोर्टांखालचं ते पाकीट पर्समध्ये घालून निघाले. गाडी वाटेत चाळीस मिनिटं उभी राहिली, न्युर्नबर्गला पुढची चुकली, आणि या सगळ्या वेळात मी भांडणाची तयारी करत होते. मोठी नणंद, तिचा मान, तिचा शब्द. मधेच स्वतःची लाजही वाटत होती. एका नावाचं काय एवढं? जगात दुसऱ्या टेस्नी असणारच, त्यांनी माझं काय नेलं? पण त्यांना मी ओळखत नव्हते. ही माझ्यासमोर वाढणार, आणि तिला दर वेळी हाक मारताना मी दुसरीलाच बोलावत असणार. कोवळ्या पोरीवर हे लादणं मला जमलं नसतं, आणि माझ्या मुलीजवळ ते एकच होतं.

घरी भावजयीची आई स्वयंपाकघरात अळीव भिजत घालत होती. भाऊ डायपर आणायला गेला होता. भावजय आतल्या खोलीत बाळाला पाजत बसली होती. मी पाठ केलेलं काहीच बोलले नाही. पाकिटातून कागद काढला आणि तिच्या मोकळ्या हातात दिला.

तिचं जर्मन माझ्याहून चांगलं आहे. तिने वाचला. तारीख, वेळ, ठिकाण, आई, वडील, मुलीचं नाव. मग परत पहिल्यापासून वाचला. मी खाली जमिनीकडे बघत होते.

"तुम्ही पाहिलंत तिला?" तिने विचारलं.

"हो. दोन तळहातांत मावेल एवढी होती."

"कुणासारखी होती?"

बाळ झालेल्या घरी पहिल्या पाच मिनिटांत जो प्रश्न विचारतात, तोच. इतक्या वर्षांत मला तो कुणी विचारला नव्हता, आणि मला उत्तर मात्र ठाऊक होतं. "नाक आमच्या आईचं," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरलं नाही. तीही रडली. बाळ मात्र काही न कळून पीत राहिलं.

बऱ्याच वेळाने तिने कागद पहिल्याच घडीवर मिटून पाकिटात घातला आणि माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. बाळाकडे बघून म्हणाली, "हे दिलेलं आहे गं. आपण दुसरं शोधू." चार महिने पोटाशी धरलेलं नाव तिने असं सोडून दिलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी मी तिचं काहीतरी हिसकावून घेतलंय असंही वाटलं. दोन्ही खरं होतं. भाऊ डायपर घेऊन आला तेव्हा तिनेच त्याला सांगितलं, दाराबाहेर, हळू आवाजात. तो आत येऊन माझ्या शेजारी नुसता बसला. मग म्हणाला की मला आधी का नाही सांगितलंस.

बारसं रविवारी, बाराव्या दिवसानंतर जमेल तसं, त्यांच्याच बैठकीत झालं. पाळणा ग्रुपमधल्या कुणाच्या तळघरातून आला होता, जोडायचा लाकडी, दोन स्क्रू कमी असलेला. बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालतात, तो जर्मनीत कुणाकडे असणार? मी कारखान्यातून बाद झालेला काचेचा जाड दंडगोल नेला होता, आत एक बुडबुडा अडकलेला म्हणून नाकारलेला. भावजयीच्या आईने तो दुपट्यात गुंडाळला आणि म्हणाली की आमच्या वरवंट्यापेक्षा गुळगुळीत आहे. बायकांनी तो पाळण्याखालून-वरून एकमेकींना दिला. घुगऱ्या होत्या, फुगे होते, दोन जर्मन शेजारणी साड्या नेसून अवघडून बसल्या होत्या.

नाव तोवर ठरलं होतं. भावजयीने शोधलेलं, मराठी, तीन अक्षरी, आणि मला मनापासून आवडलेलं. ते इथे लिहीत नाही, मोठी झाल्यावर ती स्वतः सांगेल. मी ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहिलं. मग पाळण्यावर वाकले. पाठीत धपाटे घालायला बायका मागे सरसावल्या. पलीकडच्या बाजूला भावजय पाळण्याची दोरी धरून उभी होती.

मी बाळाच्या उजव्या कानाशी कुर्रर्र केलं. तिने डोळे मिचकावले. तिचं नाव सांगितलं. एवढंच सांगायचं असतं, मग उठायचं. पण मी तशीच वाकलेली राहिले आणि तिच्या कानात आणखी म्हटलं, "आणि तुला एक ताई आहे. तिचं नाव टेस्नी."

मग धपाटे पडले. भावजयीच्या आईचा हात चांगलाच जड आहे. मी सरळ झाले आणि बाळाचं नाव मोठ्याने सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जर्मन शेजारणींनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि त्यांना पहिल्याच फटक्यात जमलं. भावजय माझ्याकडे बघत होती. तिने ऐकलंय की नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो. पहिल्याच सकाळी भावजय बाळाला मालिश करत होती, हात तेलाने माखलेले, आणि तिचा फोन सापडत नव्हता. घरात बाळ असलं की फोन कुठेही जातो, लंगोटांत, चादरींत. बालरोगतज्ज्ञाकडे अपॉइंटमेंटसाठी फोन करायचा होता. तिने आतूनच ओरडून सांगितलं की ताई, जरा मला मिस्ड कॉल द्या ना.

मी दिला. सोफ्याच्या उशीखाली घरघर सुरू झाली. उशी उचलली. फोन उताणा पडला होता, पडदा उजळलेला. मला वाटत होतं, 'ताई येना' असं काहीतरी असेल. पूर्वी तेच होतं, मी पाहिलेलं होतं.

पडद्यावर होतं, 'टेस्नीची आई'.

मी तो हातात घेऊन उभी राहिले. या देशात मला डॉक्टर म्हणतात, आडनावाने बोलावतात, ताई म्हणतात, पुढे आत्याही म्हणतील. हे कधी कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या हातात माझा फोन तसाच लागलेला होता आणि तो बंद करायला माझं बोट उठेना.

"सापडला का, ताई?" तिने आतून विचारलं.

"सापडला," मी म्हटलं. "थांब जरा, वाजतोय."